उरलेला अर्धा चेहरा

पत्र असं आहे:

"ताई, दहा महिन्यांपूर्वी वडिलांचं किडनी प्रत्यारोपण झालं. त्यांना संसर्ग होऊ नये म्हणून घरातल्या आम्ही सगळ्यांनी बाहेर मास्क लावायचं ठरवलं. त्यानंतर महिन्याभरात मी नव्या नोकरीवर रुजू झाले. म्हणजे ऑफिसात मला मास्कशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. जेवायलाही मी वेगळी बसते, मास्क काढावा लागतो म्हणून. कारण मी कुणाला सांगितलं नाही. घरातलं आजारपण नव्या लोकांपुढे कशाला मांडायचं, असं वाटलं. मागच्या महिन्यात साहेब म्हणाले, काम उत्तम आहे, पण टीममधल्यांना तुम्ही जरा खडूस वाटता. त्याच आठवड्यात पाणी प्यायला मी मास्क खाली केला, तेव्हा शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, 'अय्या, तू अशी दिसतेस? मला काहीतरी वेगळंच वाटलं होतं.' ती पुढे काही बोलली नाही. आता डॉक्टर म्हणतात, ऑफिसात रोज मास्क लावायची गरज नाही. गर्दीत आणि जवळपास कुणी आजारी असेल तर लावा. पण मास्क काढायला माझा हातच वर जात नाही. सगळे त्या मुलीसारखेच बघतील असं वाटतं. आणि खरं सांगू? आमच्याकडे एक सहकारी कायम मास्कमध्ये असतो, तो मलाही घमेंडखोर वाटतो. मग मी तरी वेगळी कुठे? काय करू? – तुमची एक वाचक"

अगं,

आधी त्या पाण्याच्या घोटापाशीच येते, कारण तुझ्या पत्रातलं दुखणं तिथे आहे. साहेबांचं 'खडूस' तू एका ओळीत सांगून मोकळी झालीस. ती मुलगी काय म्हणाली ते मात्र शब्दन् शब्द लिहिलंस, आणि ती पुढे काही बोलली नाही हेसुद्धा लिहिलंस. तिचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य तू महिनाभर मनात पुरं करते आहेस, आणि दर वेळी ते तुझ्याच विरुद्ध पुरं होतं आहे.

जरा तिच्या जागी बसून बघ. नऊ महिने तिने तुझं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, डोळे पाहिले. नाकाखालचं काही पाहिलं नाही. पण मन अशी जागा रिकामी ठेवत नाही. तिथे ते स्वतःच एक नाक, ओठ, हनुवटी बसवून टाकतं, आणि हे आपणच बसवलंय याचा माणसाला पत्ताही नसतो. त्या दिवशी तू मास्क खाली केलास आणि तिच्या डोक्यातली तू आणि समोरची तू जुळेनात. एवढंच झालं. तिच्या जागी कुणीही असतं आणि तुझ्या जागी कुणीही असतं, तरी हेच झालं असतं.

आता हे मनाने बसवलेलं नाक-तोंड कसं असतं, तर बहुधा बरं असतं. २०२० साली एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं. त्यात लोकांना काही चेहऱ्यांचे अर्धवट, झाकलेले फोटो दाखवले आणि त्याच चेहऱ्यांचे पूर्ण फोटोही दाखवले. अर्धवट फोटोतले चेहरे लोकांना जास्त देखणे वाटले. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं, की जे दिसत नाही ते आपण आजवर पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या सरासरीने भरतो. आणि सरासरी चेहरा डोळ्यांना गोड वाटतो, हे त्याच्या कितीतरी आधी, १९९० साली, लँगलॉइस आणि रॉगमन या दोघींनी दाखवून दिलं होतं. अनेक चेहरे एकात एक मिसळून तयार केलेला चेहरा लोकांना त्यातल्या बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा आकर्षक वाटला होता. मास्कचंही तसंच. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २०२१ मध्ये ४३ स्त्रियांना पुरुषांचे फोटो दाखवून गुण द्यायला सांगितले. काही फोटो उघड्या चेहऱ्याचे, काही कापडी मास्कमधले, काही निळ्या वैद्यकीय मास्कमधले, आणि काहींत तेवढाच भाग एका वहीने झाकलेला. सगळ्यात जास्त गुण मिळाले निळ्या मास्कमधल्यांना.

हे तुला मुद्दाम इतकं सविस्तर सांगते आहे, कारण तू समजते आहेस की मास्क उतरवल्यावर जी तुलना होईल ती तुझी आणि इतर बायकांची. तसं नाही गं. तुलना होते ती तुझी आणि त्यांनी मनात काढलेल्या एका चित्राची. त्या चित्राला मुरुमाचा डाग नाही, पुढे आलेला दात नाही, झोप न झाल्याच्या खुणा नाहीत. त्याच्यापुढे पहिल्या क्षणी कुणीही उणंच ठरणार. आणि ते चित्र फार टिकतही नाही. खरा चेहरा चार दिवस समोर वावरला की लोकांना आधीचं चित्र आठवतसुद्धा नाही. ते पहिले चार दिवस मात्र जड जातात, हे मी नाकारत नाही.

आता 'खडूस'कडे वळते. मला विचारशील तर ही गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिचा संबंध तुझ्या रोजच्या कामाशी आहे.

आपण दिवसभरात किती वेळा हसतो? खळखळून नव्हे. जिन्यात समोरून कुणी आलं, कुणी दार धरून ठेवलं, कुणी फाइल हातात दिली, की ओठांची कडा जराशी वर जाते. ते हसू म्हणजे 'तुम्हाला पाहिलं, सगळं ठीक आहे' एवढा निरोप. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय, की मनापासूनच्या आनंदाच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, तर नुसत्या सौजन्याच्या हसण्यात तोंडाजवळचेच स्नायू हलतात. म्हणजे बघ, तुझं मनमोकळं हसू मास्कच्या वरूनही थोडंफार दिसत असेल. पण जिन्यातलं, दारातलं, फाइल घेतानाचं ते छोटं हसू सगळंच्या सगळं कापडामागे गेलं. तू नऊ महिने हसत होतीस आणि ते कुणापर्यंत पोचलंच नाही. तुझ्या बाजूने तू दार धरणाऱ्याचे आभार मानलेस. त्याच्या बाजूने एक बाई नुसती बघून पुढे निघून गेली.

जर्मनीतल्या बाम्बर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ क्लाउस-ख्रिश्चन कार्बोन यांनी २०२० मध्ये ४१ जणांवर हेच तपासून पाहिलं. मास्क लावलेल्या चेहऱ्यांवरचा आनंद, दुःख आणि राग यांना लोक बऱ्याचदा 'काहीच भाव नाही' असं समजले. किळस दाखवणारा चेहरा अनेकांना रागावलेला वाटला. भीती मात्र डोळ्यांतच असते, ती बहुतेकांना ओळखता आली. तुझं आनंदी असणंही लोकांना कोरडं वाटू शकतं ते असं. आणि कोरड्या चेहऱ्याला आपल्याकडे पटकन काय नाव पडतं ते तुला कळलंच आहे.

त्यात आवाजाची भर. मास्कमधून आवाजाच्या वरच्या पट्ट्या दबतात, जाड मास्कमधून तर बऱ्याच. स, श, फ, त यांच्यातला फरक त्याच पट्ट्यांत असतो. समोरच्याला ओठ दिसत नाहीत, त्यामुळे नुसतं ऐकण्यावर भिस्त. दोनदा 'काय म्हणालात?' झालं की आपण तिसऱ्यांदा वाक्य तोडून बोलतो. 'ती माहिती मी दुपारपर्यंत पाठवते, चालेल ना?' याचं हळूहळू 'दुपारी पाठवते' होतं. तू मुद्दाम केलं नसशील, पण एकदा आठवून बघ.

माझ्यावरून सांगते. २०२१ मध्ये माझे यजमान अकरा दिवस रुग्णालयात होते. रात्रपाळीला एक नर्स यायची. उंच, जाड भुवया, आणि सदा बारीक केलेले डोळे. पहिल्याच रात्री मी मनाशी ठरवून टाकलं, की ही आमच्यावर वैतागलेली आहे. तिला काही विचारायचं असलं की मी दिवसपाळीची वाट बघायची. तिसऱ्या की चौथ्या रात्री सलाइन थांबल्यासारखं वाटलं आणि मला उठावंच लागलं. ती आली. नळीतले थेंब मोजायला अगदी जवळ वाकली, आणि मला तिचा चष्मा दिसला. मास्कमधून वर येणाऱ्या श्वासाने काचा पांढऱ्या झाल्या होत्या. ती डोळे बारीक करत होती ते दिसावं म्हणून. थेंब मोजून झाल्यावर म्हणाली, "झोपा हो काकू, मी जागी आहे." इतका मऊ आवाज, की मला स्वतःचीच लाज वाटली. तीन रात्री मी एका धुकट काचेला राग समजत होते.

तिने गाऊनवर छातीपाशी मार्करने स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. त्या काळात पुष्कळ ठिकाणी असं करायचे. याच्याही पुढची एक सुंदर गोष्ट इबोलाच्या साथीतली आहे. मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकी कलाकार २०१५ मध्ये लायबेरियात गेल्या. तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले डॉक्टर-नर्स पाहून रुग्ण घाबरत होते. हेफर्नन यांनी त्या कर्मचाऱ्यांचे हसऱ्या चेहऱ्याचे फोटो काढले आणि चिकटणाऱ्या कागदावर छापून त्यांच्या पोशाखावर लावायला दिले. कोरोनाच्या काळात ही कल्पना पुन्हा वापरली गेली. तू फोटो लावून ऑफिसात जा असं मी म्हणत नाहीये. झाकलेल्या माणसाने आपणहून काहीतरी पुढे करावं लागतं, नाहीतर समोरचा आपल्या मनाने भरतो, हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं, एवढंच सांगायचंय.

हाँगकाँगमध्ये १,०३० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधी. काही डॉक्टरांनी मास्क लावून रुग्ण तपासले, काहींनी न लावता. मास्कवाल्या डॉक्टरांना आपल्याबद्दल कमी कळकळ आहे असं रुग्णांना वाटलं. फरक लहान होता, पण होता. डॉक्टरांनी मास्क का लावलाय हे रुग्णांना सांगावं लागत नाही, तरी ही गत. तुझ्या बाबतीत तर कारणही कुणाला ठाऊक नाही.

इथे मला तुझ्याशी थोडं परखड बोलायचंय, रागवू नकोस. चेहऱ्याचा अर्धा भाग लोकांनी मनाने भरला, तसं मास्कचं कारणही त्यांनीच भरलं. मास्क म्हणजे काय, हा अर्थ काळाबरोबर बदलत आला आहे. जपानमध्ये मियाझाकी आणि कावाहारा यांनी २०१६ साली पाहिलं तेव्हा मास्क लावलेला माणूस लोकांना आजारी वाटायचा आणि त्यामुळे कमी आकर्षकही. साथीच्या दिवसांत सगळ्यांच्याच तोंडावर मास्क आला आणि ती शंका बरीच ओसरली. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि आता खोलीत एकच मास्क असला की पुन्हा मनात प्रश्न येतो, हिला झालंय तरी काय? कुणी म्हणालं असेल आजारी आहे, कुणी म्हणालं असेल आमची शिसारी आहे हिला. त्यात तू जेवायला वेगळी बसतेस. तुझ्या दृष्टीने ती वडिलांची काळजी. त्यांच्या दृष्टीने, ही आमच्यात बसत नाही. अंदाज चुकला म्हणून त्यांना दोष देता येतो, पण खरं काय ते त्यांना कळायला वाट कुठे होती?

वडिलांचं आजारपण सगळ्यांपुढे उलगडायची गरज नाही, तिथे तुझं म्हणणं मला पटतं. पण एक वाक्य पुरेसं होतं आणि अजूनही आहे: "घरी आजारी माणूस आहे, त्यांना जपायला मास्क लावते." कोण, कुठला आजार, किती दिवस, हे काहीही सांगू नकोस. कुणी खोदून विचारलंच तर "आता बरं आहे" म्हण आणि विषय बदल.

आता मास्क काढायचा की ठेवायचा. तुझ्या मास्कला आज दोन दोऱ्या आहेत. एक वडिलांची, एक त्या मुलीच्या वाक्याची. पहिलीचा निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी सांगितलंय तेवढं कर, आणि ऑफिसात बंद खोलीत दाटीवाटीने बैठका होत असतील किंवा शेजारचं कुणी खोकत असेल, तर तेव्हा काय करायचं तेही त्यांनाच स्पष्ट विचारून घे. प्रत्यारोपण झालेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, त्यामुळे मास्क तुझ्या पर्समध्ये पुढेही राहणारच. पण दुसऱ्या कारणासाठी तो एक दिवसही लावू नकोस. लाजेपोटी लावलेला मास्क दर दिवशी काढायला अधिक अवघड होत जातो. तू स्वतःच ते अनुभवते आहेस.

काढशील तेव्हा जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या मधोमध काढू नकोस. सकाळी येतानाच बिनमास्कची ये, जिथे जो भेटेल त्याला नावाने हाक मारून नमस्कार कर, आणि कामाला लाग. काही जण क्षणभर तुला ओळखणारच नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस. चेहरा आपण तुकड्या-तुकड्याने नाही, एकसंध ओळखतो. २०२० मध्ये कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की मास्कमुळे चेहरा ओळखण्याची क्षमता साधारण १५ टक्क्यांनी घटते. त्यांनी तुझा अर्धाच चेहरा पाठ केलाय, त्यामुळे पूर्ण चेहऱ्याशी आता त्यांना थोडी झटापट करावी लागेल. तू बोललीस की आवाजावरून लगेच ओळखतील. आणि कुणी "अय्या" म्हणालंच, तर "हो, मीच" एवढं म्हण. स्वतःच्या दिसण्याबद्दल खुलासा द्यायचा नाही, थट्टेनेसुद्धा नाही.

फक्त मास्क उतरला म्हणजे 'खडूस' आपोआप पुसलं जाईल, अशी आशा ठेवू नकोस. प्रिन्स्टनच्या विलिस आणि टोडोरोव यांनी २००६ मध्ये दाखवलं, की नवा चेहरा पाहून विश्वासू आहे की नाही, असलं मत माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात बनवतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, त्या मताबद्दलची खात्री तेवढी वाढते. तुझ्याबद्दलची खात्री तर नऊ महिने मुरली आहे. ती नुसत्या दिसण्याने हलायची नाही, सोबत बसण्याने हलेल. म्हणून वेगळं जेवणं बंद कर. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून दोनदा बस. मास्क लावायचा असेल त्या दिवशी पूर्ण वाक्यांत बोल, सावकाश बोल, आभार मनातल्या मनात न मानता तोंडाने म्हण, मान हलव. जे ओठ सांगायचे ते शब्दांना सांगू दे. आणि साहेबांना एकदा भेटून सांग, की तुम्ही बोललात ते मी मनावर घेतलं आहे, मास्कचं कारण असं असं होतं. हे सांगायला लाजू नकोस. पुढच्या आढाव्यात त्यांच्या लक्षात राहील.

राहिली ती मुलगी. तुला धीर होत असेल तर तिला सरळ विचार, "त्या दिवशी तुला काय वेगळं वाटलं होतं गं?" चार-पाच शक्यता मलाच सुचतात. तू वयाने मोठी वाटली असशील, तिच्या ओळखीच्या कुणासारखी वाटली असशील, किंवा तिने तुला उगाच कडक समजलं असेल आणि चेहरा निघाला हसरा. धीर होत नसेल तर विचारू नकोस. पण मग तिचं वाक्य स्वतः पुरं करणंही थांबव.

आणि तुझा तो घमेंडखोर सहकारी. पत्राच्या शेवटी, जणू जाता जाता, तू त्याचा उल्लेख केलास. मला तिथे तुझं खरेपण आवडलं. त्याच्या मास्कमागे काय आहे मला माहीत नाही, तुलाही नाही. दमा असेल, घरी तान्हं मूल असेल, साथीत कुणी गमावलं असेल, दातांचे उपचार चालू असतील, किंवा चेहरा झाकलेला असला की त्याला बरं वाटत असेल. तो खरंच घमेंडखोर असेल हेही शक्य आहे. मास्क काढायच्या आधी, तुम्ही दोघंही मास्कमध्ये असतानाच, त्याच्याशी एकदा बोल. कामाचं काहीतरी निमित्त काढ आणि पाच मिनिटं थांब. त्याला तुझं हसू दिसणार नाही आणि तुला त्याचं. तेव्हा कानांनीच ऐकावं लागेल.

काय झालं ते कळव. वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई